मंडपाबाहेर एक फळा लावा

प्रति,
महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या लहानमोठ्या संगीत महोत्सवांची संयोजक मंडळी,
स. न. वि. वि.

पत्र पाहून ‘आणखी एक तक्रार’ म्हणून बाजूला सारू नका. खुर्च्या टोचतात, पार्किंग नाही, सोफ्यावरचे लोक मध्येच उठून जातात, यातलं काहीही लिहायला मी बसलेली नाही. मागणी एका फळ्याची आहे. शाळेत असतो तसला, चार फूट बाय तीन फूट, आणि सोबत खडूची पेटी. तो मंडपाबाहेर टांगायचा आणि एकेका कलाकाराचं गाणं किंवा वादन संपलं की पंधरा मिनिटांत त्यावर लिहायचं: कोणते राग झाले, कोणत्या तालात, साथीला कोण होतं, तानपुऱ्यावर कोण होतं, किती वाजता सुरू झालं, किती वाजता संपलं. बस्स.

हे खूळ डोक्यात कुठून आलं ते सांगते.

यंदाच्या थंडीत आमच्या भागातल्या एका तीन दिवसांच्या महोत्सवाला गेले होते. नाव लिहीत नाही. जे तिथे झालं ते बहुतेक ठिकाणी होतं. वेळ साडेपाचची होती. दीपप्रज्वलन, स्वागत, शाल-श्रीफळ, दोन मनोगतं आणि प्रायोजकांची यादी असं करत करत साडेसहा वाजले. बाहेर पूर्ण अंधार. मग एक तरुण गायिका बसली. तिने माइकजवळ तोंड नेऊन रागाचं नाव सांगितलंही असावं. पण त्याच वेळी एक कार्यकर्ता पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना पाण्याच्या बाटल्या वाटत होता, मागे भारतीय बैठकीत आम्ही सतरंजी ओढून जागा करत होतो, आणि ते नाव त्या गडबडीत गेलं. गाणं मात्र असं झालं की पहिल्या दहा मिनिटांत सगळा मंडप गप्प झाला. षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, ती यायचीच नाही. यायची, जवळ यायची, आणि उंबऱ्यावरूनच परत फिरायची. संथ लयीतलं विलंबित संपेपर्यंत माझ्या शेजारच्या आजोबांनी तीनदा चष्मा पुसला.

घरी आल्यावर आमच्या श्रोत्यांच्या गटावर संदेश सुरू झाले. ‘स्वर्गीय.’ ‘अंगावर काटा.’ ‘निःशब्द.’ निःशब्द झालेल्या माणसाने पुढे अकरा ओळी लिहिल्या होत्या, ते असो. मग कुणीतरी विचारलं, राग कोणता होता हो? आणि रात्री साडेबारापर्यंत जुंपली. एक म्हणे मारवा, दुसरा म्हणे पूरिया, एका काकांनी सोहनीचं नाव काढलं. त्यांचं फार चुकलं असंही नाही, कारण या तिघांचे स्वर तेच: कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, आणि पंचम, म्हणजे ‘प’, नाही. चालण्या-बोलण्यात फरक. मारवा ऋषभ-धैवतावर नांदतो, पूरिया गंधार-निषादावर, आणि सोहनी वरच्या सप्तकात चमकून जाते. मी मात्र ठामपणे लिहिलं की पूरिया कल्याण होता, कारण मी पंचम ऐकला होता. स्वच्छ ऐकला होता. त्यावर एकाने ‘ताई, पंचम तुमच्या कुलरचा असेल’ असं लिहिलं. थंडीत कोण कुलर लावतं? पण अपमान व्हायचा तो झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर त्याच मैफिलीत तानपुऱ्यावर बसलेली मुलगी दिसली. तानपुऱ्याची भलीमोठी खोळ पायाशी आणि हातात वडापाव. मी सरळ जाऊन विचारलं. ती हसली. म्हणाली, ‘काकू, आम्ही दोन्ही तानपुरे निषादात लावले होते. पंचम कुठून येणार? मारवा होता.’

आता यात माझी फजिती झाली हे खरं, पण मी त्या वाक्यापाशी थबकले ते वेगळ्या कारणाने. अख्ख्या गटात बेचाळीस माणसं, त्यात दोघं संगीत विशारद, आणि उत्तर होतं ते गायिकेच्या मागे सव्वा तास चार तारा छेडत बसलेल्या मुलीकडे. तिचं नाव आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. निवेदकाने ते घेतलंच नव्हतं. त्याच निवेदकाने एका प्रायोजकाच्या शाखा व्यवस्थापकांचं नाव, हुद्द्यासकट, तीनदा घेतलं होतं.

तानपुरा म्हणजे मागे धरलेला पडदा नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. गायकाचा सूर पेटीवरची काळी एक असो, पांढरी दोन असो की काळी चार, तो आधी त्या तारांवर उभा राहतो. एरवी पहिली तार पंचमात असते. मालकंस गायचा तर पंचम वर्ज्य, म्हणून ती मध्यमात जाते. मारव्याला निषादात. दोन रागांच्या मधे दोन-तीन मिनिटं खुंट्या पिळल्या जातात, मणी सरकवले जातात, तेव्हा आपण मोबाइल बघतो किंवा शेजाऱ्याला ‘चहा घेऊन येऊ का’ विचारतो. खरं तर पुढचा राग कोणता असणार याची पहिली बातमी त्याच वेळी फुटलेली असते. तिथे बसतात ती बहुतेक गुरूंची शिष्य मंडळी, आणि आज पुढे बसून गाणाऱ्यांतले कितीतरी काल मागे बसलेले होते. त्यांच्या पहिल्या हजेरीची नोंद कुठेच नाही.

माझे वडील मिरजेचे. त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. पोस्टात कारकून होते आणि गाण्याचे वेडे. मिरजेत हे वेड लागायला फार लांब जावं लागत नाही. सतारमेकर मंडळींची दुकानं रस्त्यावर, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे वाळत टाकलेले. आणि थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. खाँसाहेब 1937 साली गेले, पण मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ उरुसात होणारी संगीत सभा अजून भरते. मोठमोठे कलाकार तिथे हजेरी लावायला येतात. बिदागीसाठी नाही, हजेरीसाठी. खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. भीमसेनजींनी 1953 साली गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू केला. त्यामुळे भाऊंच्या लेखी पुण्याला सवाईला जाणं म्हणजे आपल्याच घरच्या थोरल्या कार्याला जाणं. गाडी धरायची, रात्रभर ऐकायचं, सकाळी परत. रजेच्या अर्जावर कारण ‘घरगुती’.

भाऊ गेले तेव्हा कपाटात अकरा वह्या निघाल्या. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याच्या. प्रत्येक मैफिलीचं एक पान. वर तारीख आणि जागा, मग कलाकार, राग, ताल, तबला, पेटी, तानपुरे, वेळ. तबल्यापुढे नाना मुळे, वसंतराव आचरेकर, पेटीपुढे अप्पा जळगावकर, पुरुषोत्तम वालावलकर, तुळशीदास बोरकर ही नावं पुनःपुन्हा येतात. खाली शेरा. शेरे कधी दोन शब्दांचे, कधी पानभर. ‘पहाटे 4.10. ललत. दोन्ही मध्यम एकापाठोपाठ असे आले की शेजारचा घोरणारा गृहस्थ उठून बसला.’ ‘दरबारी. आज गंधार सापडला नाही. गायकालाही आणि मलाही.’ ‘तबला उत्तम, पण माईकवाल्याने तबल्याला जास्त मान दिला.’ ‘चहा 1 रु. पाणचट.’ एका पानाला एसटीचं तिकीट टाचणीने लावलंय. एका पानावर नुसतं इतकंच: ‘तोडी. लिहिण्यासारखं नाही, ऐकण्यासारखं होतं.’

स्वर्गीय हा शब्द अकरा वह्यांत मला एकदाही सापडला नाही.

वह्या चाळताना एक गोष्ट आपोआप दिसली. सुरुवातीच्या वह्यांत वेळा रात्रीच्या आहेत: 11.40, 1.15, 3.30. आणि राग त्या त्या प्रहराचे. बागेश्री, दरबारी, अडाणा, मालकंस, मग ललत, भटियार, आणि उजाडताना भैरव किंवा तोडी. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाला. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. सरकारला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्री बारापर्यंत सूट देता येते, तेवढीच फट. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. मंडपाशेजारी राहणाऱ्यांनाही झोप असते, आणि तुमच्या मानेवर घड्याळ असतं हेही मला समजतं. पण शेवटच्या तीन वह्यांत ललत फक्त सकाळच्या सत्रापुरता उरतो, तोही उन्हं वर आल्यावर, आणि मालकंसाला साडेनऊला उरकावं लागतं. दरबारी तर जवळजवळ दिसेनाशी होते. यावर कुणी लेख लिहिला की आपण हळहळतो. पण एका पोस्टाच्या कारकुनाने नुसत्या वेळा लिहून ठेवल्या, आणि रात्र कशी गेली ते त्या रकान्यात दिसतं. असा रकाना तुमच्याकडे आहे का? तुमच्या स्मरणिकेत कलाकारांचे परिचय असतात, पुरस्कारांची यादी असते, अध्यक्षांचं मनोगत असतं. पण ते सगळं मैफिलीच्या आधी छापलेलं. प्रत्यक्षात काय झालं ते कुठे असतं?

ध्वनिमुद्रण असतं, असं तुम्ही म्हणाल. असेल. पण ते तुमच्या कपाटात. आम्हाला मोबाइलवर मुद्रण करायला बंदी, आणि ती रास्तच आहे, कलाकाराचा हक्क आहे. मग आमच्या हाती राहते ती आठवण. आणि आठवण कशी वागते ते मी वर कबूल केलंच आहे: नसलेला पंचम तिने मला ऐकवला.

चेन्नईत मार्गळीच्या हंगामात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, एका वर्षी आठवडाभर होते. तिथल्या सभांमध्ये शेजारच्या मामींच्या मांडीवर छोटी वही. गायकाने पहिली ओळ उचलली की मामी लिहिणार: कृती, म्हणजे रचना, राग, ताल, रचनाकार. आलापना कुठे घेतली, निरवल, म्हणजे एकाच ओळीचा विस्तार, कोणत्या ओळीवर, व्हायोलिन कोण, मृदंगम कोण, घटम कोण. संध्याकाळपर्यंत त्या याद्या एकमेकांकडे जायच्या. मग त्यावर वाद घालायचे, आणि वादही कसे, तर ‘तोडी चाळीस मिनिटं घेतली, मग पुढच्या कृतीला फक्त सहा?’ असे. मी मराठी मनाने आधी हसले. वाण्याचं बिल वाटलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की या बायका काल काय ऐकलं ते खरोखर सांगू शकतात, आणि मी फक्त माझ्या अंगावर काय आलं ते सांगू शकते. आपल्याकडेही अशी माणसं होऊन गेली. संगीताचे अभ्यासक पंडित भातखंडे गावोगाव, घराण्याघराण्यांत हिंडले, कुणी हाकललं तरी पुन्हा गेले, ऐकलेलं टिपत राहिले. आज विशारदच्या मुलाच्या दप्तरात ज्या बंदिशी असतात त्यातल्या कितीतरी त्या टिपणातून आल्या.

मान्य आहे, ख्यालाची, म्हणजे आपल्याकडच्या रागगायनाची, यादी करणं कृतीच्या यादीइतकं सोपं नाही. तासाभराच्या गाण्यात ओळी दोनच, आणि गंमत त्या ओळींच्या मधल्या जागांत. फळ्यावर ‘मारवा, विलंबित एकताल, द्रुत तीनताल’ लिहून त्या मुलीचा षड्ज कसा हुलकावण्या देत होता ते कळणार नाही. पण ते सांगायचं काम आमचं आहे. फक्त ते सांगायला आम्हाला खुंटी हवी. खुंटी तुम्ही ठोका, त्यावर काय टांगायचं ते आम्ही बघतो.

काही जण म्हणतील, कलाकारालाच राग सांगायचा नसतो. असतातही असे. एखादा जोडराग, एखादा स्वतःचा प्रयोग, किंवा ‘ऐका आणि ओळखा’ अशी मिजास. तर तसंच लिहा: ‘रागाचं नाव सांगितलं नाही.’ तीही नोंदच झाली. काही म्हणतील, हल्ली मोठ्या पडद्यावर नावं येतात. येतात, आणि जातात. पाण्याला गेलेला माणूस परत येईतो पडद्यावर एका गृहप्रकल्पाची जाहिरात असते. शिवाय पडद्यावरचं आधीच टाइप करून ठेवलेलं असतं. ऐनवेळी तबलजींची गाडी चुकली आणि दुसरे बसले, तर पडदा शेवटपर्यंत चुकलेल्यांचंच नाव दाखवतो. हे मी पाहिलंय. जे बसले होते त्यांनी कमाल वाजवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी गटावर कौतुक झालं ते न आलेल्यांचं.

हे सगळं मी इतकं तावातावाने का लिहितेय, त्यातलं एक कारण खासगी आहे. आठव्या वहीत, मधल्या एका पानावर, भाऊंच्या अक्षरात एक नोंद आहे. गाव आमच्याच जिल्ह्यातलं, देवळातला सभामंडप, गुरूबाईंचं गाणं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचीच रंगमंचावर तानपुरा घेऊन बसले होते. घाम इतका आला होता की बोट तारेवरून सटकत होतं. पुढे लग्न झालं, नोकरी लागली, गाणं सुटलं. छापील कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नव्हतं, निवेदनात नव्हतं, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या चार ओळींत तर नव्हतंच. त्या पानावर आहे. ‘राग यमन. तबला, पेटी’ आणि पुढे नावं, मग ‘तानपुरा (डावा): आमची बाळी. सुरात होता. उजवा जरा चढला होता.’ उजव्या तानपुऱ्यावर कोण होतं तेही लिहिलंय. ती माझी मैत्रीण आता नाशिकला असते. मी तिला त्या पानाचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘चढला नव्हता!’ आणि मग रात्री उशिरा दुसरं, ‘बहुतेक चढला असेल.’

तर फळा. खर्चाचं म्हणाल तर तुमच्या एका पुष्पगुच्छात फळा, खडू आणि डस्टर येईल. माणूस हवा, तो संगीत विद्यालयातला कुणीही विद्यार्थी चालेल. त्याने मैफल सुरू व्हायच्या आधी ग्रीनरूममध्ये जाऊन नावं विचारायची, तानपुऱ्यापासून सुरुवात करायची आणि पुढे मुख्य कलाकारापर्यंत यायचं, म्हणजे कुणी सुटणार नाही. नावाचं स्पेलिंग, आडनाव, सगळं त्यांच्याकडूनच तपासून घ्यायचं. रात्री सत्र संपलं की फळा पुसायच्या आधी त्याचा एक फोटो काढायचा आणि तेवढा जपून ठेवायचा. तीन दिवसांचे फोटो मूठभरच होतील. दहा वर्षांचे किती होतात ते तुम्हीच हिशोब करा. आमच्या गावच्या महोत्सवाला विद्यार्थी मिळाला नाही तर मी येईन. अक्षर बरं आहे, आणि पंचम आता मी नीट ऐकते.

फळा कुठे लावायचा त्याचाही मी विचार केलाय. प्रवेशद्वारावर नको, तिथे सगळे पास दाखवायच्या घाईत असतात. कलाकारांच्या छायाचित्रांच्या प्रदर्शनाजवळ नको, तिथे सेल्फी काढणाऱ्यांच्या पाठी आड येतील. खाण्याच्या दालनाजवळ लावला तर पहिल्याच दिवशी त्यावर कुणीतरी ‘मिसळ 80’ लिहील. मध्यंतरात स्वच्छतागृहासमोर जी रांग लागते, बायकांची विशेषतः, तिच्या बरोबर समोर लावा. वीस मिनिटं उभं राहायचं असतं. तिथे माणूस काहीही वाचतो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
भारतीय बैठकीतली, डावीकडच्या खांबाजवळची एक श्रोती